गाठ एवढी टणक, मग नग तिथेच का मोडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माळ्याच्या तक्तपोशीखाली घालायला पाइनच्या तुळया आणल्या आहेत, २ इंच जाड आणि ८ इंच रुंद. प्रत्येक नगावर ‘नंबर २’ प्रतीचा शिक्का आहे, पण गाठी भरपूर. सुतार म्हणतो, गाठ लाकडाहून टणक असते, घाबरू नका. घरातले म्हणतात, गाठाळ माल परत पाठवा. आणि त्यातले पाच-सहा नग मधोमध उभे चिरून ४ इंची करायचे आहेत. शिक्का आहे म्हणजे चालेल ना?

चिरायचं अजून थांबवा. तुमच्या तीन शंकांपैकी खरी धोक्याची तीच आहे, आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारली आहे. तिथपर्यंत पोचायला आधी गाठ म्हणजे काय ते बघावं लागेल.

तुमचा सुतार खोटं बोलत नाही. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा जड असते, टणक असते. रंध्याचं पातं तिच्यावर बोथट होतं, खिळा वाकतो. मी बरीच वर्षं लाकडाची प्रतवारी केली, आधी सॉ मिलमध्ये नग उलटेपालटे करत आणि नंतर नग मोडून बघायच्या यंत्रापाशी. गाठ स्वतः मधून फुटली म्हणून मोडलेला नग मला क्वचितच आठवतो. मोडतं ते गाठीच्या शेजारचं लाकूड.

गाठ म्हणजे खोडात रुतलेलं फांदीचं बूड. फांदीचा उगम खोडाच्या ऐन मध्यावर, भेंडापाशी असतो. दरवर्षी खोडावर लाकडाचा एक नवा थर चढतो तसा फांदीवरही चढतो, त्यामुळे खोडाच्या पोटातला फांदीचा भाग शंकूसारखा होतो. टोक भेंडाकडे, रुंद तोंड सालीकडे. फांदी हिरवी आहे तोवर दोघांचे थर एकमेकांत मिसळलेले असतात. ही जिवंत गाठ. फांदी वाळली की तिची वाढ थांबते, खोडाची थांबत नाही. मग खोड त्या वाळक्या खुंटाला नुसतं वेढत जातं, पुष्कळदा सालीसकट. ही मेलेली गाठ. फळीवर गाठीभोवती काळी कडा दिसते ती बहुतेक वेळा त्या सालीचीच. एकच फांदी भेंडाजवळ जिवंत गाठ देते आणि बाहेर मेलेली, म्हणून एकाच फळीच्या एका तोंडावर गाठ घट्ट आणि उलटून पाहिलं तर सुटी, असंही होतं. प्रतवारी करणारा प्रत्येक नग उलटवतो तो उगाच नाही.

खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात आणि त्यानंतर खोडावर जे लाकूड चढतं ते बिनगाठीचं असतं. त्यामुळे मोठ्या बुंध्याचा बाहेरचा भाग स्वच्छ निघतो आणि भेंडाजवळच्या फळ्या कायम गाठाळ. न्यूझीलंडमध्ये रेडिएटा पाइनच्या फांद्या झाड लहान असतानाच छाटतात, त्या ह्याच स्वच्छ लाकडासाठी. पाइनची आणखी एक सवय आहे. त्याच्या फांद्या एका मजल्यावर घेराने फुटतात, मग वर बरीच जागा मोकळी, मग पुढचा मजला. त्यामुळे तुमच्या तुळयांमध्ये गाठी सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नसणार. ठरावीक अंतराने दोन-तीन-चार जवळजवळ येत असतील आणि मधलं लाकूड साफ असेल. बघा, तसंच असेल.

करवत गाठीला कशी छेदते त्यावर तिचा आकार ठरतो. फांदीला आडवी गेली तर गोल, तिरकी गेली तर लंबगोल, आणि फांदीच्या लांबीतूनच गेली तर फळीच्या मध्यापासून कडेपर्यंत पसरलेली खुंटीसारखी लांबट गाठ. ही शेवटची दिसायला सडपातळ असते, पण फळीची निम्मी-अर्धी रुंदी खाऊन बसते. नवखे लोक गोल मोठ्या गाठीला घाबरतात आणि हिला सोडून देतात.

आता टणकपणाचं. कुऱ्हाड रेषेत घातली की ओंडका एका घावात दुभंगतो, आणि आडवी घातली तर घाव घालत बसावं लागतं. लाकडाची सगळी ताकद तंतूंच्या दिशेने आहे, तंतूंना आडवं ओढलं तर ते एकमेकांपासून सहज सुटतात. तंतू म्हणजे सुतार ज्याला रेषा म्हणतो ते. फळीच्या कडेला रेषा अगदी समांतर असेल तेव्हाची वाकताना मिळणारी ताकद १०० धरा. दर २० इंचांत १ इंच तिरकी गेली तर ९३ उरतात, १० इंचांत १ इंच तर ८१, आणि ५ इंचांत १ इंच तर फक्त ५५. हे आकडे अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने दिलेले आहेत. पाचात एक म्हणजे जेमतेम ११ अंश, नुसत्या डोळ्याला पटकन कळतही नाही. गाठीच्या अंगालगत रेषा ह्याच्या कितीतरी पट वळलेली असते. ती फळीच्या तोंडावर डावी-उजवीकडे वळते, शिवाय जाडीतही वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. करवतीने फळी सपाट कापताना हे चढलेले तंतू तुटतात. तिथे लाकूड भरीव दिसतं, पण त्यातून सलग जाणारा तंतू एकही नसतो.

हे हाताला कळायला रंधा पुरे. गाठीवरून रंधा चालवा. गाठीच्या एका अंगाला रेशमासारखी सळसळीत ढलपी निघेल आणि दुसऱ्या अंगाला, हातभर अंतरावरही नाही, पातं अडकून तंतू उचकटतील. तेवढ्यातच रेषेचा चढ उलटा झाला आहे. जिथे लाकूड उचकटलं तिथून गाठीपर्यंतची जागा पेन्सिलने वेढून टाका. गाठीचं खरं माप त्या वेढ्याएवढं समजा.

असाच एक नग मला चांगला आठवतो. ६ इंच रुंद, स्वच्छ, सरळ, फक्त खालच्या कडेजवळ रुपयाहून थोडी मोठी अशी एक जिवंत गाठ. यंत्रावर नग मोडून बघताना त्यातली सगळ्यात वाईट जागा दोन भारांच्या मधोमध ठेवायची असते. भार चढवला. आधी कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग गाठीच्या बाजूला, गाठीपासून बोटभर दूर, खालच्या कडेवर केसाएवढी चीर उघडली. ती गाठीकडे वळलीच नाही. वळलेल्या रेषेबरोबर तिरकी वर चढली, मग सरळ रेषेत हातभर पळाली, आणि नग मोडला. गाठ एका तुकड्यात तशीच शाबूत होती. त्या दिवशी सोबतच्या पोराने ती गाठ पटाशीने काढून ठेवली. बरेच दिवस ती टेबलावर कागद दाबायला होती. टणक होतीच.

गाठीने रेषा किती वळवली हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे ती बसली आहे कुठे. तुळईवर वजन आलं की तिची पाठ दाबली जाते, पोट ताणलं जातं, आणि बरोबर मधल्या उंचीवर ताणही नसतो नि दाबही नसतो. सगळा भार वरच्या आणि खालच्या कडेवर. एक ढोबळ हिशेब करू. ८ इंच उंचीची तुळई घ्या आणि २ इंचांची गाठ म्हणजे सरळ भोक आहे असं समजा. भोक बरोबर मध्यावर असेल तर वाकण्याला होणाऱ्या विरोधातला किती हिस्सा जातो? २ भागिले ८, त्याचा घन, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. दीड-पावणेदोन टक्के. तेच भोक खालच्या कडेला नेलं तर कामाची उंची ६ इंच उरते, आणि ताकद उंचीच्या वर्गाने घटते: ६ भागिले ८ चा वर्ग, म्हणजे १६ पैकी ९ हिस्से. ५६ टक्के. गाठ तीच, माप तेच, फक्त जागा ३ इंचांनी सरकली आणि जवळपास निम्मी ताकद गेली. प्रत्यक्षात मधली गाठसुद्धा हिशेबापेक्षा जास्त त्रास देते, कारण वळलेली रेषा गाठीच्या बाहेर पसरलेली असते. पण दोन जागांमधला फरक खरा आहे आणि जगभरच्या प्रतवारीच्या नियमांचा पाया तोच आहे.

ब्रिटिश नियम, १९७३ साली पहिल्यांदा आलेलं बीएस ४९७८, हे फार नीट मांडतं. त्यात गाठीचा व्यास मोजून थांबत नाहीत. गाठी शंकूसारख्या धरायच्या, त्यांची टोकं भेंडाकडे आहेत असं मानून फळीच्या आडव्या छेदावर त्यांची सावली पाडायची, आणि ती सावली छेदाचा किती हिस्सा व्यापते ते काढायचं. छेदाचा वरचा आणि खालचा चौथाई भाग म्हणजे कडेचा पट्टा. त्या पट्ट्याचा अर्ध्याहून जास्त भाग गाठीने व्यापला असेल तर नियम कडक होतो. वरच्या ‘स्पेशल स्ट्रक्चरल’ प्रतीत एकूण छेदाचा एक तृतीयांश भाग गाठींनी व्यापलेला चालतो, पण कडेचा पट्टा भरला असेल तर फक्त एक पंचमांश. खालच्या ‘जनरल स्ट्रक्चरल’ प्रतीत हेच प्रमाण अर्धा आणि एक तृतीयांश. आपलीच २ इंची आरपार गाठ ८ इंची तुळईत घालून बघा. ती छेदाचा पाव हिस्सा घेते. मध्यावर असेल तर पाव हे एक तृतीयांशाहून कमी, नग वरच्या प्रतीत. कडेला असेल तर पट्टा पूर्ण भरला, पाव हे एक पंचमांशाहून जास्त, नग खालच्या प्रतीत. युरोपातल्या स्प्रूस-पाइनसाठी ह्या दोन प्रती म्हणजे सी२४ आणि सी१६. २४ म्हणजे वाकताना दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन, आणि तेवढा ताण शंभरातल्या निदान ९५ नगांनी घ्यावा अशी अपेक्षा. एका गाठीच्या जागेने २४ चे १६ झाले.

उत्तर अमेरिकेतली पद्धत सोपी आहे आणि तुमचा शिक्का त्याच घराण्यातला. तिथे रुंद तोंडावर गाठ कडांना समांतर अशा दोन रेषांत किती जागा घेते ते मापतात आणि कडेची गाठ वेगळी, मधली वेगळी धरतात. तुमच्या २ × ८ मध्ये नंबर २ साठी कडेला अडीच इंचांपर्यंत आणि मध्यावर साडेतीन इंचांपर्यंत गाठ चालते. हो, साडेतीन. नावाला ८ आणि रंधा मारून सव्वासात इंच असलेल्या फळीत साडेतीन इंचांची गाठ नियमात बसते. तेव्हा ‘गाठी भरपूर आहेत’ एवढ्यावर माल परत गेला तर विकणाऱ्याची बाजू बरोबर ठरेल. नंबर २ म्हणजे गाठाळच माल. स्वच्छ लाकडाची ताकद १०० धरली तर त्या पद्धतीत सगळ्यात वरच्या सिलेक्ट स्ट्रक्चरल प्रतीला ६५, नंबर १ ला ५५, नंबर २ ला ४५ आणि नंबर ३ ला २६ टक्के असं मूळ गणित होतं. तुमच्या प्रतीने गाठींपोटी निम्म्याहून जास्त ताकद आधीच वजा केली आहे आणि तुळयांच्या लांबीचे तक्ते त्या उरलेल्या ताकदीवर बनवले आहेत. पुढे अमेरिका आणि कॅनडात ७० हजारांहून जास्त पूर्ण मापाचे नग मोडून हे आकडे तपासले आणि १९९१ मध्ये नवे आकडे लागू केले. त्याआधीचं गणित लहानशा बिनगाठी तुकड्यांवर उभं होतं. भारतीय मानक आयएस ८८३ मध्येही वळण तेच आहे: ग्रेड १ ला परवानगीचा मूळ ताण, त्याहून वरच्या सिलेक्टला त्याच्या १.१६ पट, ग्रेड २ ला ०.८४ पट.

ह्या सगळ्यात एक गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते. प्रत सरासरीवर ठरत नाही, सगळ्यात वाईट जागेवर ठरते. १६ फुटी नग साडेपंधरा फूट आरशासारखा स्वच्छ असला आणि एका टोकाला एक घाणेरडी गाठ असली, तर तो त्या गाठीच्या प्रतीचा. टोक कापून टाकलं की तोच नग दोन पायऱ्या वर जाऊ शकतो. सॉ मिलमध्ये चांगला माणूस कुठे कापायचं ह्यावरच पगार मिळवतो.

जिवंत गाठ बरी की मेलेली? सगळे म्हणतात जिवंत. दिसण्याच्या कामात ते खरं आहे, कारण मेलेली गाठ सुटून पडते. ताकदीच्या बाबतीत मात्र दोघी जवळपास सारख्याच. जिवंत गाठ लाकडात मिसळलेली असते म्हणून रेषा जास्त वळवते. मेलेली गाठ काहीच भार घेत नाही, पण तिच्याभोवती रेषा कमी वळते. हिशेब बरोबरीत सुटतो. ब्रिटिश नियम जिवंत, मेलेली आणि निव्वळ भोक असा भेद करतच नाही. अमेरिकी नियम करतो. सुट्या गाठीला आणि भोकाला मध्यावरच्या घट्ट गाठीइतकी सूट देत नाही. तेव्हा एखादी गाठ निखळून पडली म्हणून घाबरू नका. ती आधीच भोक म्हणून मोजलेली असायला हवी. तसं नसेल तर मात्र तक्रार करा.

गाठी निखळतात, तडकतात ते वाळताना. फळी लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवी आणि जाडीत आकसते. गाठ म्हणजे आडवी घुसलेली फांदी, तिची लांबी फळीच्या जाडीत आहे. मग ती फळीच्या लांबीच्या दिशेने आकसू बघते आणि भोवतालचं लाकूड आकसत नाही. घट्ट असेल तर चांदणीसारखी तडकते, सुटी असेल तर खुळखुळते. जाडीत उलटं होतं: फळी पातळ होते, गाठ होत नाही, म्हणून गुळगुळीत केलेल्या फळीवर काही महिन्यांनी गाठ बोटाला उंचवट्यासारखी लागते. तडकलेल्या गाठीचा ताकदीवर वेगळा परिणाम धरायचं कारण नाही. राळ झिरपत असेल आणि वरून रंग द्यायचा असेल तर आधी गाठींवर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात मारा, नाहीतर पिवळे डाग वर येतात.

काम कुठलं आहे त्यावरही बरंच आहे. सरळ ओढ घेणाऱ्या नगात, म्हणजे छपराच्या त्रिकोणी कैचीच्या खालच्या पट्टीत, गाठ सगळ्यात घातक, कारण तिथे पाठ-पोट नाही, सगळा छेद ताणात असतो. तुळईत त्याहून थोडी कमी. आखूड जाड खांबात त्याहूनही कमी. आणि गोल न चिरलेल्या खांबात गाठी असूनही तो चिरलेल्या लाकडापेक्षा बरा टिकतो, कारण गाठीला वळसा घालणारे तंतू करवतीने तोडलेले नसतात. माळ्यावर चालताना तक्तपोशी लचकते की नाही हा प्रश्न तर बहुतांशी गाठींचा नाहीच. कडकपणा सगळ्या लांबीवर ठरतो, एका जागेवर नाही. गाठाळ तुळई साफ तुळईपेक्षा थोडीच जास्त लचकते, पण मोडते मात्र बरीच आधी. म्हणून ‘मी उड्या मारून पाहिलं’ ही चाचणी नव्हे.

फर्निचरच्या लाकडाची प्रतवारी ह्याच्याशी मिसळू नका. तिथला खूप पसरलेला नियम अमेरिकेतल्या नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशनचा, संस्था १८९८ ची. तो विचारतो एवढंच की गाठी वगळून ठरावीक मापाचे स्वच्छ तुकडे कापले तर फळीचा किती भाग हाती लागतो. वरच्या एफएएस (फर्स्ट्स अँड सेकंड्स) प्रतीला १२ पैकी १० हिस्से, नंबर १ कॉमनला ८. ताकदीचा तिथे संबंधच नाही. एफएएसच्या फळीत एका बाजूला दणदणीत गाठ असू शकते. सुतार ती कापून टाकणार हे गृहीत आहे. ‘पहिल्या प्रतीचं’ लाकूड म्हणून कोणी अशी फळी तुळईला सुचवली तर प्रत कुठल्या वहीतली ते आधी विचारा.

यंत्राने केलेली प्रतवारीही असते. नग रुळांतून जाताना आडवा थोडा वाकवतात, किती जोर लागला त्यावरून कडकपणा मापतात आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. नुसत्या गाठी पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा तो चांगला निघतो. नवी यंत्रं क्ष-किरणांनी गाठी शोधतात, गाठ जड असल्यामुळे ती तिथे उठून दिसते. तरी कडेच्या गाठीसाठी यंत्रामागे माणूस उभा करतातच. एवढं वाकवण्यात कडेची एकटी गाठ यंत्राला चकवू शकते.

आता तुमचं चिरणं. समजा तुमच्या एका नगात मध्यावर ३ इंचांची गाठ आहे. २ × ८ मध्ये मध्यावर साडेतीन चालते, शिक्का खरा. तुम्ही ती फळी मधोमध उभी चिरली. करवत गाठीच्या पोटातून गेली आणि दोन्ही पट्ट्यांच्या कडेवर दीड-दीड इंचाची गाठ आली. जी गाठ ताण नसलेल्या जागी बसली होती ती आता ऐन कडेवर, तीही निम्म्या उंचीच्या नगात. २ × ४ मध्ये नंबर २ साठी कडेची गाठ सव्वा इंचाहून मोठी चालत नाही. नंबर ३ साठी पावणेदोन. म्हणजे दोन्ही पट्ट्या नंबर ३. ४५ टक्क्यांच्या मालातून तुम्ही २६ टक्क्यांचा माल केलात आणि एका अर्ध्यावर जुना शिक्का मात्र तसाच झळकतोय. शिक्का त्या फळीच्या त्या रुंदीपुरता असतो. लांबी कापलीत तर प्रत खाली जात नाही, झाली तर सुधारते. रुंदी चिरलीत की शिक्का संपला. पुन्हा प्रतवारी करून घ्या किंवा ४ इंची शिक्क्याचा मालच आणा. माझ्यासमोर एकदा अशाच चिरलेल्या पट्ट्या कैचीच्या खालच्या पट्टीला लागणार होत्या. घालणाऱ्याने मला शिक्का दाखवला. मी त्याला चिरलेली कड दाखवली, तिच्यावर अर्धी गाठ अर्ध्या चंद्रासारखी होती.

न चिरलेले नग लावताना एक दुपार द्या. प्रत्येक नग उभा धरा, दोन्ही तोंडं आणि दोन्ही कडा बघा. कडेची सगळ्यात मोठी गाठ कुठे आहे त्यावर खडूने खूण करा आणि ती कड वर ठेवा, म्हणजे ती गाठ ताणात न येता दाबात येईल. दोन्ही कडांना गाठी असतील तर मोठी वर. वासा जरा कमानीसारखा वाकलेला असेल तर रिवाज फुगीर बाजू वर ठेवायचा, आणि कधी गाठ एक सांगते नि वाक दुसरं. मी अशा वेळी गाठीचं ऐकतो, वाक फार असेल तर तो नग बाजूला काढतो. वाईट गाठ नगाच्या टोकाकडे असेल तर उत्तमच. सारखं पसरलेलं वजन असताना टेकूपासून लांबीच्या आठव्या हिश्श्यावर मध्याच्या ४४ टक्केच वाक-जोर येतो, चौथ्या हिश्श्यावर मात्र ७५ टक्के. तेव्हा ‘टोकाजवळ’ म्हणजे खरोखरच टोकाजवळ. पण अगदी टेकूवर, जिथे खिळे किंवा पट्ट्या ठोकणार, तिथे गाठ नको, लाकूड उकलतं. वायर-पाइपसाठी भोकं पाडायची असतील तर मध्यावर पाडा आणि गाठीपासून दूर. गाठीच्या शेजारी पाडलेलं भोक म्हणजे दुसरी गाठच. खालच्या कडेला खाच तर कुठेही घेऊ नका.

ज्या नगांत कडेची गाठ अडीच इंचांहून जास्त भरते, किंवा वर सांगितलेली लांबट खुंटीसारखी गाठ मध्यापासून खालच्या कडेपर्यंत गेली आहे, ते शिक्क्यात बसत नाहीत. तेवढेच परत करा, फुटपट्टी लावून दाखवून. मात्र पाच टक्क्यांपर्यंत माल प्रतीखाली निघाला तर तो चालवून घ्यायची पद्धत व्यवहारात आहे, त्यामुळे असे नग तेवढ्यातच बसत असतील तर भांडू नका. त्यांचे तुकडे करून तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे म्हणून ठोका. तिथे त्यांच्यावर तुळईसारखा भार येत नाही, आणि गाठीत खिळा जाणार नाही एवढं बघितलंत की झालं.